याचे किती येतेत?

हसनाबादेत वस्तू साठवणं हे शहाणपणाचं लक्षण मानलं जातं. कापूस वेचून झाला की तो घरातली अर्धी खोली व्यापतो आणि घरातली माणसं उरलेल्या अर्ध्या खोलीत अंग चोरून झोपतात. सोयाबीनच्या थप्पीला टेकून पोरं अभ्यास करतात. ज्याच्याकडे पीक नाही, तो रस्त्याकडेला प्लॉट घेऊन ठेवतो आणि त्यावर गवत वाढू देतो. या सगळ्यांना कोणी कधी ‘कामून ठेवलं?’ असं विचारत नाही. भाव वाढला की विकणार, हे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं. भाव वाढत नाही, कापूस पिवळा पडतो, घरातल्यांना खाज सुटते. पण माणसाच्या शहाणपणाला धक्का लागत नाही.

अशा गावात मी नाणी जमवतो. विकायची नाहीत. इथेच सगळं बिघडतं.

विकायची नसतील तर देवाला वाहायची असतील, देवाला नसतील तर लेकीच्या लग्नात मोडायची असतील, इतपत गावाची समजूत ताणली जाते. नुसती बघायला ठेवली आहेत, असं म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग दुकानाच्या आतल्या अंगाला बघतो, आणि आवाज उतरवून विचारतो, “शेठ, खरं सांगा, याचे किती येतेत?”

आमचं किराणा दुकान आहे. नाणेसंग्राहक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मखमलीचे खण, भिंग आणि हातमोजे घातलेला कोणी पारशी गृहस्थ येतो. माझ्याकडे भिंग आहे. ते वडलांचं, पंचांगातली बारीक टीप वाचायचं. चिमटा आहे, तो मूळचा पापड भाजायचा. आणि मखमलीच्या जागी हिंगाच्या रिकाम्या डब्या आहेत. हवाबंद डबीत नाणी ठेवावीत असं जाणकार सांगतात, आणि हिंगाच्या डबीइतकी हवाबंद गोष्ट किराणा मालात दुसरी नाही. परिणाम एवढाच, की माझ्याकडचा निजाम उघडला की फोडणीचा वास येतो.

संग्रहाची खाण म्हणजे दुकानाचा गल्ला. रात्री दुकान वाढवलं की मी गल्ला गोणपाटावर उलटा करतो आणि एकेका नाण्याचं साल आणि सालाखालची खूण बघत बसतो. सालाखाली हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. तारा असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. आपण कोण हे सांगायची गरज कोलकात्याला कधी वाटलेली नाही. या चार टांकसाळींची एकाच सालातली रुपयाची चार नाणी एका ओळीत मांडली की मला जो आनंद होतो, तो चार रुपयांत दुसरीकडे कुठे मिळत असेल तर मला कळवावं. आमच्या घरी मात्र या ओळीकडे बघून “चार रुपये झाले” एवढंच म्हणतात, आणि हिशोबाने ते बरोबर आहे.

अडचण दिवसा येते. गिऱ्हाईकाने दिलेलं नाणं हातात आलं की अंगठा आपोआप सालावर जातो आणि मान खाली वाकते. गिऱ्हाईक एकदम ताठ होतं. “काहून बघू राह्यले एवढं? खोटंय का?” नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसत नाही. खोटं नाही, चांगलं नाही, मग बघतोय कशाला? एका आजीबाईंनी तर माझ्या हातातून नाणं परत घेतलं, स्वतः उलटंसुलटं करून पाहिलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि दुसरं दिलं. पहिल्यात काहीतरी असलं पाहिजे, हे त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं होतं. ती गाठ त्यांनी अजून सोडलेली नाही असं त्यांच्या नातवाकडून कळतं.

दहा रुपयांच्या नाण्यांनी तर माझी अब्रूच पणाला लावली. आमच्या भागात हे नाणं बंद पडलं आहे, अशी हवा कुठून आली देव जाणे, पण भाजीवाला घेईना, रिक्षावाला घेईना. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि सगळेच्या सगळे चालतात. चौदा नमुने! मला ती बातमी खुलाशाची वाटलीच नाही, ती यादी वाटली. मी येईल ते दहाचं नाणं घेऊ लागलो. चार दिवसांत आजूबाजूच्या खेड्यांतली दहाची नाणी आमच्या दुकानाकडे चालत येऊ लागली. आणि गाव काय म्हणालं? ‘शेठ सारे घेऊ राह्यला म्हणजे आतून काहीतरी हाय.’ तेव्हापासून तीच नाणी लोक घरात दाबून ठेवू लागले. मला अकरा नमुने मिळाले, तीन राहिले.

पन्नास पैशांचं याच्या उलट. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, पण आठ आणे कायद्याने आजही जिवंत आहेत. दहा रुपयांपर्यंतची रक्कम आठ-आठ आण्यांत दिली तर ती कायदेशीर आहे, असं 2011 चा नाणे कायदा म्हणतो. मी हे एका चहावाल्याला सांगितलं आणि दहाच्या चहासाठी वीस नाणी त्याच्यापुढे मांडली. त्याने कायदा शांतपणे ऐकून घेतला आणि चहाचा कप परत आत नेला.

बाकी संग्राहकाचं मन ज्या गोष्टींत रमतं, त्या बघायला गेलं तर फारच किरकोळ असतात. 1964 साली आलेलं तीन पैशांचं सहा कोनांचं नाणं. इतकं हलकं, की फुंकर मारली तर शेजाऱ्याच्या गल्ल्यात जाऊन पडावं. चौकोनी पाच पैसे. झालरीच्या कडेचे दहा पैसे. 1957 च्या एप्रिलात दशमान पद्धत आली तेव्हा पैशाला ‘नया पैसा’ म्हणत आणि नाण्यावर तसं छापत. सात वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की तो आता नवा राहिलेला नाही, आणि ‘नया’ गळाला. सरकारी कामात एखादी गोष्ट जुनी झाल्याचं इतक्या लवकर कबूल केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मग ते कमळाचं वीस पैशांचं पिवळं नाणं, 1968 पासून दोन-चार वर्षं निघालेलं. पितळी रंगामुळे त्यात सोनं आहे असं आमच्याकडे ठाम मत होतं. माझ्या मावशीने ते ट्रंकेच्या तळाशी पुरून ठेवलं होतं. ट्रंक गंजली, नाणं तसंच आहे, आणि मावशीच्या मते न गंजणं हाच पुरावा.

पण हसनाबादचा खरा माल म्हणजे हाली. आमचा जालना जिल्हा 1981 सालचा, पण त्याआधी कित्येक पिढ्या हा मुलूख निजामाचा होता, आणि निजामाचा रुपया वेगळा होता. तिकडे इंग्रजांचा कलदार, इकडे हाली सिक्का. सहा कलदार म्हणजे सात हाली. आमचे आजोबा हा हिशोब झोपेत करत. हाली रुपया वजनाने आणि चांदीने कलदारापेक्षा कमी, त्यामुळे हद्दीपलीकडे सोयरीक ठरली की हुंड्याची बोलणी आधी नाण्यावर अडत. पाचशे म्हणजे कोणते पाचशे? वरबाप कलदारात ऐकायचा, वधूबाप हालीत बोलायचा. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान गेलं तरी हाली रुपया पुढे काही वर्षं बाजारात रेंगाळला, आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तर पुष्कळच वर्षं. आजोबा महागाईला शिव्या द्यायचे त्याही हालीत.

या नाण्यावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत एक उर्दू अक्षर बसवलेलं असतं: मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. मला उर्दू येत नाही. बाजारातल्या एका शिवणकाम करणाऱ्या चाचांना येतं. त्यांच्या मशीनच्या फळीवर नाणं ठेवलं की ते चष्मा कपाळावर चढवतात, डोळे बारीक करतात आणि एखादी दवंडी वाचावी तसं वाचतात: “ज़र्ब फ़रख़ुंदा बुनियाद हैदराबाद!” म्हणजे हे नाणं भाग्यशाली पायाच्या हैदराबाद शहरात पाडलं. गिऱ्हाईकाची विजार अर्ध्यात सोडून चाचा दहा दहा मिनिटं त्या नाण्यावर बोलतात. चारमिनारवर 92 हा आकडा का, तर महंमद या नावातल्या अक्षरांची बेरीज तेवढी होते, हे त्यांनीच मला करून दाखवलं. विजारीच्या मापाच्या कागदावरच केली. पुढे त्या गिऱ्हाईकाची विजार 92 घेराची निघाली की नाही, ते मी विचारलं नाही.

अख्ख्या गावात ‘याचे किती येतेत’ न विचारणारा चाचा हा एकटा माणूस. त्यांनी एकदाच एक प्रश्न विचारला होता. तांब्याची भोकाची दोन पै हातात घेऊन म्हणाले, “शेठ, हे कोणाच्या कमरेला असंल?” दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातू वाचवायला इंग्रजांनी भोकाचा पैसा काढला, निजामानेही भोकाची दोन पै काढली, आणि आमच्याकडच्या आयांनी त्या भोकाचा खरा उपयोग ओळखून ती लेकरांच्या कडदोऱ्यात ओवली. माझ्याकडच्या त्या दोन पैचं भोक एका अंगाने झिजून लांबोळं झालं आहे. दोरा सतत एकाच बाजूला ओढला गेल्याशिवाय असं होत नाही. पोरगं धावरं असलं पाहिजे. आज ते असेल तर ऐंशीच्या घरातलं म्हातारं असेल, आणि आमच्याच दुकानातून बिड्या नेत असेल. तेव्हापासून बिड्या नेणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या कमरेकडे माझी नजर जाते, आणि त्याचंही गावाने काहीतरी वेगळंच ठरवलं आहे.

कलदार मात्र दुकानात येत नाही. तो देवघरात असतो. आमच्या भागात असं घर विरळा, जिथे अन्नपूर्णेशेजारी एखादा राणीछाप किंवा राजाछाप रुपया बसलेला नाही. लक्ष्मीपूजनाला त्याला पाटावर घेतात, पंचामृताने न्हाऊ घालतात, हळदकुंकू वाहतात. पाचव्या जॉर्जने दिल्ली दरबारात हत्ती, मोती, राजेरजवाडे सगळं पाहिलं. पण आपल्या दाढीत दरवर्षी कुंकू भरलं जाणार आहे आणि पुढे बत्तासा ठेवला जाणार आहे, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. सातव्या एडवर्डचं तर टक्कल आहे. कुंकू त्याच्यावर टिकत नाही, म्हणून आमची माय आधी हळद ओली करून घेते.

याच पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयाने, म्हणजे 1911 च्या, मोठी गंमत केली होती. राजाच्या अंगावरच्या मानाच्या साखळीत हत्ती काढला होता, पण कारागिराने सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान प्रजेने हरकत घेतली, नाणी परत मागवून वितळवली, आणि 1912 पासून हत्तीला धडाची सोंड मिळाली. आता हा डुकराचा रुपया हसनाबादेत कोणाच्या देवघरात आहे का, हे मला बघायचं आहे. पण दुसऱ्याच्या देवघरात भिंग घेऊन वाकायचं कसं? एकदा दिवाळीच्या फराळाला एका घरी मी देवाला नमस्कार करायला म्हणून वाकलो आणि जरा जास्त वेळ वाकलेला राहिलो. घरची बाई हळूच नवऱ्याला म्हणाली, “शेठची भक्ती वाढली बरं का.” नवरा व्यवहारी, तो म्हणाला, “देवाच्या पुढचा रुपया मोजून ठेव.”

स्वच्छता हा आणखी एक वैरी. जुन्या नाण्यावरची काळी-हिरवी साय हीच त्याची कातडी, ती घासायची नाही, हा या छंदातला पहिला नियम. आणि दिवाळीआधी घरातलं जे जे तांब्या-पितळेचं-चांदीचं असेल ते चिंच आणि राखेने घासून लख्ख करायचं, हा आमच्या घरातला पहिला नियम. दोन्ही नियम एका छपराखाली नांदतात. मी एका शिवराईवर फार जीव लावला होता. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ पैकी ‘राजा’ तेवढं उरलेलं, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’तला ‘छत्र’ शाबूत. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर तांब्याचं हे नाणं सुरू केलं आणि ते इतकं रुजलं की पेशवाई बुडाल्यावरही बाजारात खेळत राहिलं. इतक्या हातांतून जे वाचलं, ते आमच्या मोरीतून वाचलं नाही. मी दुकानातून आलो तर पाटावर नवा कोरा तांब्याचा गोल तुकडा. “किती घाण बसली होती,” माय कौतुकाने म्हणाली. तिच्या हातात महाराजांचं नावही हलकेच निघून गेलं होतं. तिला काय बोलणार? मी म्हणालो, “चमकू राह्यलं.”

राज्यं मात्र एकमेकांना याहून जोरात घासतात. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाणी वितळवायला, नवी पाडायला वेळ कोणाला? पडलेल्या उमेदवाराच्या पोस्टरवर निवडून आलेल्याचं पोस्टर चिकटवावं, तसं. घाईत ठसा वाकडा बसला आणि नहपानाचं नाक अजून खालून डोकावतं. आमच्या बसस्टँडच्या भिंतीवर हा इतिहास दर पाच वर्षांनी होतो, म्हणून तो समजायला मला पुस्तक लागलं नाही.

सातवाहन म्हणजे आम्हाला लांबचे नाहीत. आमचा तालुका भोकरदन, त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांसाठी ज्यांनी दान दिलं, त्यांत भोगवर्धनच्या माणसांचीही नावं दगडात कोरलेली आहेत. वर्गणी देऊन पाटीवर नाव लावायची आमच्या तालुक्याची हौस दोन हजार वर्षांची आहे, हे शां. भा. देव आणि गुप्ते यांनी 1973 साली तिथे उत्खनन केलं तेव्हा कोणी गावाला समजावून सांगितलं असतं, तर उत्खननाला गर्दी झाली असती. गर्दी होते ती वेगळ्या कारणाने. कोणाच्या नांगराला खापर लागलं की ‘हंडा निघाला’ अशी आवई उठते. मी नाणी जमवतो म्हटल्यावर हंड्याचा माझ्याशी संबंध जुळायला किती वेळ लागणार? आमच्या दुकानामागच्या भिंतीला पावसाळ्यात पोपडे आले, मी गवंडी लावला, आणि रात्री आठ-दहा माणसं ‘सहज’ म्हणून गवंड्याचं काम बघायला उभी राहिली. मी त्यांना 1878 चा निखात निधी कायदा सांगितला: जमिनीतून दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! एकजण म्हणाला, “शेठला कायदा लई पाठ झालाय, कामून?”

मग आले मोबाइल. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट असेल तर लाखो मिळवा. वैष्णोदेवीचं 2012 चं नाणं असेल तर गाडी घ्या. अशा निरोपांनी गाव वेडं झालं. एरवी कोणालाही घरात कुठे काय आहे ते सापडत नाही, पण ट्रॅक्टरची नोट सापडली. भागवताच्या पोथीत, तांदळाच्या कणगीत, एकाला बापाच्या जुन्या कोपरीच्या खिशात. एका पोराने ‘नोंदणी फी’ म्हणून दोन हजार रुपये फोनवरून पाठवले आणि मग समोरचा फोन लागेना. पाच रुपये विकायला दोन हजार घालवले. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की आमच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेणारे लोक ठग आहेत, आम्ही असली फी मागत नाही. मी ते कात्रण दुकानात चिकटवलं. लोकांनी ते वाचलं आणि निष्कर्ष काढला, की शेठला सगळा माल एकट्यालाच पाहिजे.

त्याच मोबाइलने माझी खाणही बुजवली. आता काउंटरवर चौकोनी कागद चिकटवलेला आहे, आणि शेजारची डबी खणखणीत बाईच्या आवाजात ‘बारा रुपये प्राप्त हुए’ असं ओरडते. बारा रुपये म्हणजे पूर्वी एक नोट आणि दोन नाणी. त्या दोनांत एखादा तारा, एखादा हिरा. आता नुसता आवाज. सुट्ट्याऐवजी गोळ्या-चॉकलेटं द्यायची माझी सवयही गेली, आणि पोरांशी असलेलं नातं तिथेच संपलं. म्हणून अंगारकीला मी राजूरला जातो. गणपतीचं दर्शन घेतो, आणि मग हारफुलांच्या, नारळाच्या दुकानांतून फिरत “सुटे आहेत का?” म्हणून विचारत जातो. सुटे मागणारा गिऱ्हाईक तिथे रोजचाच, पण नोट देऊन पिशवीभर सुटे घेणारा, आणि तिथेच पायरीवर ओतून सालं बघत बसणारा म्हटल्यावर एका हारवाल्याने मला खुर्ची दिली. दुसऱ्याने पाणी दिलं. तिसऱ्याने विचारलं, ते विचारलंच.

मागच्या उन्हाळ्यात एक खरा व्यापारी आला. संभाजीनगरकडचा, गाडीवाला, कोणाकडून तरी ऐकून. त्याने हिंगाच्या डब्या उघडल्या, शिंकला, आणि अर्धा तास एकही शब्द न बोलता बघत बसला. बाहेर बाकावर गाव जमलं होतं. शेवटी त्याने ती लांबोळ्या भोकाची दोन पै बाजूला काढली. त्याला हवं होतं त्या सालाची ती होती म्हणे. “तीनशे देतो,” तो म्हणाला. खराब असूनही देतो, हे त्याने दोनदा सांगितलं. मी नाही म्हणालो. तो साडेतीनशेवर आला. मी पुन्हा नाही म्हणालो. तो हसला, चहा प्याला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत गावात ती किंमत तीन हजार झाली होती. दुसऱ्या दिवशी बाजारात तीस. ‘गाडीतून आला, तीस म्हणाला, तरी शेठ नाही म्हणतो,’ म्हणजे ती तीन लाखांची असणार, हा हिशोब कापसाच्या हिशोबापेक्षा सरळ होता. मायने डब्या उचलून गव्हाच्या कोठीत घातल्या. घरी मला विचारल्याशिवाय कुलूप आणलं गेलं. साडूंचा फोन आला, प्रकृतीची चौकशी करायला. चाचा फक्त म्हणाले, “दिया नहीं ना? अच्छा किया.”

आणि परवा पतसंस्थेचा वसुलीवाला दुकानात आला. दुकानाच्या कर्जाचा हप्ता थकला होता, म्हणून मी जरा चाचरतच त्याला खुर्ची दिली. तो आज फार अदबीने बसला. हप्त्याचं त्याने काढलंच नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवून म्हणाला, “शेठ, मॅनेजर साहेब विचारू राह्यले होते, ते दोन पै तारण ठेवता का? मर्यादा वाढवून देतो म्हणले.”